गाठ धरत नाही

मूठ उघडून सुचेतानं काचेची नळी तिरपी केली. आतलं रक्त तेलासारखं ओघळत तोंडाशी आलं आणि नळी उभी केल्यावर तितक्याच बिनदिक्कतपणे खाली जाऊन बसलं. दुसऱ्या मुठीतली नळी तिनं सरळ उलटी केली. ते रक्त जागचं हललं नाही. काळपट, घट्ट, बुडाला चिकटून राहिलेलं ते रक्त तिचं स्वतःचं होतं. दोन्ही नळ्या एकापाठोपाठ भरल्या होत्या, दोन्हींना तिच्याच हातांची ऊब मिळाली होती. एक रक्त धरलं होतं, एक धरलं नव्हतं. तिला आधी आनंद झाला. आता माधवीताईंना तोंड उघडायला जागा नाही, एवढंच तिच्या मनात आलं. त्या पातळ रक्ताची मालकीण खाली बाकावर बसली आहे, हे त्यानंतर.

शुक्रवार होता. लूम बंद होते. इतर दिवशी या इमारतीच्या भिंतींतून, टेबलाच्या पायांतून, दातांतूनसुद्धा मागांची खटखट चालू असायची आणि तिच्या आडोशानं माणूस काही न ऐकता जगू शकायचा. शुक्रवारी मात्र भिवंडी उघडी पडे. खालच्या मजल्यावर कुणी खोकलं, आया पुतळाबाईनं बादली आपटली, माधवीताईंनी डब्याचं झाकण काढलं, सगळं वर ऐकू येई. माधवीताई तिच्या नणंद. खाली त्यांचं प्रसूतिगृह, वर सुचेताची लॅब. इमारत त्यांची, आणि जिना कुणाचा हा प्रश्न लग्नापासून कधीच कुणी मोठ्यानं विचारलेला नव्हता. लॅबच्या दारावरची पाटीही त्यांनीच रंगवून घेतली होती, त्यांच्या पाटीपेक्षा थोडी लहान. सुचेता ती रोज वाचत असे. एखादं दुखणं आहे की गेलं ते माणूस चाचपून बघतं, तशी.

वळ गावची ती बाई, गुलाब, सकाळी सासू-सासऱ्यांबरोबर आली होती. सातवा महिना, पोटातलं मूल गेलेलं. ते जाऊन बरेच दिवस झाले असावेत असं माधवीताईंचं मत होतं. घरच्यांना तसं सांगून झालं होतं, संध्याकाळी कळांचं सलाईन लावायचं ठरलं होतं. रक्त काढायला सुचेता खाली गेली तेव्हा सुईच्या जागी दाबून धरलेला कापूस लाल होऊन गेला, दुसरा घेतला, तोही गेला. तिनं गुलाबच्या ओठांकडे पाहिलं. दातांच्या मुळाशी बारीक लाल रेघ होती. "हिच्या हिरड्यांतून रक्त येतं का?" तिनं सासूला, ठमाबाईंना विचारलं. "मिशरी लावतं ना जोरानं," ठमाबाई म्हणाल्या. "दात झिजवून टाकलंन. सांगून आयकंल तं शपथ." गुलाब भिंतीवरच्या गुटगुटीत बाळाच्या कॅलेंडरकडे बघत होती. पोटात मेलेलं मूल फार दिवस राहिलं, की कधीकधी आईचं रक्त आतल्या आत खर्ची पडत जातं. गोठायला लागणारं सामान संपतं. बाहेरून काही दिसत नाही. दिसतं ते बाळंतपणाच्या खाटेवर, आणि तेव्हा बादल्या पुरत नाहीत. मोठ्या तपासण्या मुंबईला पाठवाव्या लागत, उत्तर दुसऱ्या दिवशी येई. काचेची स्वच्छ नळी आणि माणसाची मूठ तेच उत्तर जेवण होईपर्यंत देते. त्यासाठी शिक्षण लागत नाही, धीर लागतो. धीर तिच्याकडे होता. त्याबद्दल कुणी तिचं कौतुक केलं नव्हतं.

माधवीताई तपासणीच्या टेबलावरच जेवत होत्या.

"ताई, त्या वळच्या पेशंटचं रक्त धरत नाहीये."

"पुन्हा?"

"सोबत माझंही लावलं होतं. माझं धरलं."

"तुझं धरणारच. तू जन्मात काही सोडलंयस का?"

"नळ्या मी स्वतः धुतल्यात या वेळी."

"प्लेटलेट?"

"कमी आहेत. फार नाहीत."

"मग उद्या मुंबईचा रिपोर्ट येऊ दे."

"उद्यापर्यंत तुमचं सलाईन लागलेलं असेल."

माधवीताईंनी घास खाली ठेवला. त्यांचा आवाज चढत नसे; तो सपाट होई, इस्त्री फिरवल्यासारखा. "गेल्या महिन्यात शेलार गावच्या बाईला तुझ्या मुठीच्या भरवशावर ठाण्याला पाठवलं. तिथल्या मिसरूड फुटलेल्या पोरानं तिचं रक्त बघितलं आणि हसून परत पाठवली. का, तर आमच्या पुतळाबाईनं तुझ्या नळ्या सोड्यानं घासल्या होत्या. गावभर झालं, डॉक्टरीणबाईंना हात लावायची भीती वाटते. आजही मला बाजारात विचारतात. तुला कोण विचारतं? तुझी पाटी वर आहे." मग पाणी पिऊन, "तूच जाऊन सांग त्यांना. तुझी मूठ, तुझं तोंड. मी पाठवते असं मात्र म्हणायचं नाही. माझ्या दवाखान्यातून कुणाला कुठं पाठवायचं ते मी ठरवते."

हे सगळं खरं होतं, आणि खरं असल्यामुळेच सुचेताला त्या बाईचा चमचा, डबा, डब्यातली वांग्याची भाजी, सगळ्याचा तिटकारा आला. पुतळाबाईनं नळ्या इतक्या चकचकीत केल्या होत्या की सोड्याचा अंश काचेवर राहून चांगलं रक्तही धरेना. स्वच्छतेनं केलेला घोटाळा होता तो. तेव्हापासून सुचेता प्रत्येक वेळी स्वतःचं बोट नाही, दंड टोचून घेत होती. तिच्या डाव्या कोपरावर हिरवट डाग पडले होते, आणि तिच्या नवऱ्यानं, हरीनं, ते पाहून नुसतं "हं" म्हटलं होतं. त्या "हं"मध्ये बहीण आणि बायको यांच्यामध्ये न पडण्याचं त्याचं सगळं आयुष्य होतं.

बाहेरच्या पायरीवर गुलाबचे सासरे, हिरामणशेट, पांढऱ्या सदऱ्याच्या बाह्या सारून बसले होते. त्यांच्या भातखाचरांवर आता गोदामं उभी होती आणि दारात जीप होती. पण बसणं बांधावरचंच होतं, उकिडवं. ठमाबाई आणि गुलाब आत बाकावर. सुचेतानं मनाशी शब्द जुळवले. घरी तात्या, तिचे सासरे, जन्मभर मास्तरकी केलेले, जेवताना कुणी इंग्रजी शब्द वापरला की ताटावरून मान वर करत आणि मराठी शब्द येईपर्यंत ती खाली घेत नसत. 'क्लॉट' म्हणायचं नाही, गाठ म्हणायची, हे तिथंच अंगवळणी पडलं होतं. अडाणी माणसांशी आपल्याला सोप्या भाषेत बोलता येतं, नणंदेला येत नाही, असंही तिला वाटे.

"हिरामणशेट, सुनेच्या रक्ताची गाठ धरत नाही."

त्यांनी मान वर केली. "गाठ?"

"हो. धरतच नाही. नीट बघितलं मी."

"म्हंजे गाठ न्हाय?"

"नाही."

ठमाबाईंनी बसल्या जागी हात जोडले. सुचेताला ती काकुळती वाटली आणि थोडं बरंही वाटलं. "आता इथं वेळ काढू नका," ती म्हणाली. "लगेच न्या तिला." ठाण्याला हा शब्द ओठांवर आला होता; पण कुणाला कुठं पाठवायचं हे ठरवायचा आपला हक्क नाही हे आठवून तिनं तो गिळला. भिवंडीत डॉक्टरनं न्या म्हटलं की कुठं न्यायचं ते शेंबड्या पोरालाही कळतं. "नेतो की. आताच नेतो," हिरामणशेट म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे काही होतं त्याला तिनं घाई असं नाव दिलं. वर येऊन खिडकीतून तिनं जीप जाताना पाहिली. जीप अंजूरफाट्याच्या दिशेनं गेली. तिथपर्यंत ठाण्याचा आणि वळचा रस्ता एकच आहे.

नळ्या धुताना ती जवळजवळ गुणगुणत होती. आता ठाण्याला कुणीतरी शिकलेला माणूस ते रक्त बघेल, फोन करील, आणि तो फोन खाली माधवीताईंच्या टेबलावर वाजेल. त्या काय म्हणतील, कोणत्या आवाजात म्हणतील, हे ठरवण्यात तिचा थोडा वेळ फार सुखात गेला. मग पुतळाबाई केरसुणी घेऊन वर आली.

"गेली वळवाली मंडळी," ती म्हणाली. "म्हातारी माझ्या पाया पडायला लागली, मी कशाला पडू देते. म्हणे जिवावरचं टळलं, गाठ नाय निघाली."

सुचेताच्या हातातली नळी तशीच राहिली.

"हिरामणशेटची बहीण गाठीनंच गेली ना मुंबईच्या इस्पितळात. तेव्हापासून त्यांच्या घरी कुणाला ठसका लागला तरी गाठ. म्हणाली, बाकीचं आमच्या गावची सुईण मोकळं करंल." पुतळाबाईनं नळीकडे बघितलं. "घासलीत? बरी घासता की. मी घासल्या तर बोलणी."

गाठ नाही. गाठ धरत नाही. सुचेता जिना उतरली तेव्हा तिला आपल्या पायांचा आवाज दुसऱ्या कुणाचा वाटला. माधवीताई हात पुसत होत्या. गोष्ट ऐकून त्या खुर्चीत बसल्या. त्यांचाही रंग उडाला होता, पण जीभ जागेवर होती. "म्हणजे तू सांगितलंस आणि त्यांनी ऐकलंच नाही."

"ऐकलं. मी म्हटलं तेच ऐकलं."

"सुईणीनं हात घातला तर ती बाई ओट्यावर संपेल."

"म्हणूनच गाडी हवीय."

"गाडी हरी घेऊन गेलाय कल्याणला. आता काय जाऊन त्यांना नळ्या दाखवणार आहेस?"

हिरामणशेटच्या दापोड्याच्या गोदामात फोन होता. नंबर केसपेपरवर होता. पलीकडे कुणी तरी उचलला. गोदामात भैयेच असणार म्हणून सुचेतानं हिंदीच काढली. "हिरामण सेठ को बोलो, बहू का खून जमता नहीं है, उसको—"

"खून? कुनाचा खून?"

"अरे, बहू का खून—"

"सुनंचा? कुनी केला?"

"रक्त, रक्त म्हणतेय मी."

"मंग रगत बोला ना बाय. मी लडकू, शेटचा डायवर. आगरी हाय मी, भैया न्हाय. शेट घरी गेलं. सून आनली ना. गाठ न्हाय बोलतात, देव पावला." आणि फोन ठेवायच्या आवाजाआधी तिला त्याचं बाजूच्या कुणाला तरी सांगणं ऐकू आलं, "डाक्टरीण हाय. येडी हाय."

रिक्षात तिच्या मांडीवर पिशवी होती आणि पिशवीत नळ्या, सुया, कापूस. नणंदेनं टोमणा म्हणून जे सांगितलं तेच करायला ती निघाली होती, आणि हे तिला नारपोलीचा नाका मागे पडल्यावर समजलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बंद लूमचे पत्रे, मग खाडीकडची खारट, मऊ हवा, मग नव्या गोदामांच्या लांबच लांब भिंती. ट्रकवाल्यांनी रस्ता चाळणीसारखा करून ठेवला होता. प्रत्येक खड्ड्यात नळ्या एकमेकींवर वाजत आणि ती पिशवी पोटाशी धरी. आई वारली तेव्हा सुचेता पनवेलला शाळेत होती. आईच्या छातीत जे होतं त्याला घरात नाव नव्हतं. बाबा 'ते' म्हणत. आत्या दाराशी येऊन कुजबुजायची, "पण गाठ तर नाही ना?" आणि आई पदर घट्ट ओढून "नाही हो" म्हणायची, आणि आत्या मोठ्या समाधानानं चहा प्यायची. तो चहा कपात ओतला जातानाचा आवाज सुचेताला आजही ओळखता आला असता. त्यानंतर कॉलेजात, सूक्ष्मदर्शकाखाली, तिनं शंभर प्रकारच्या गाठी पाहिल्या आणि त्या शब्दातली भीती हळूहळू काढून टाकली, माशातले काटे काढावेत तशी. आपण काढली म्हणजे सगळ्यांचीच निघाली असं ती धरून चालली. हे तिला कुणी सांगायला हवं होतं का? नव्हतं. तिलाच माहीत होतं. रिक्षावाला आरशातून बघत होता. त्याच्या बघण्याचाही तिला राग आला.

वळला हिरामणशेटच्या नव्या बंगल्याला अजून रंग लागलेला नव्हता. बाया आत-बाहेर करत होत्या. अंगणातल्या चुलीवर पाणी तापत होतं आणि चुलीशी सुईण हातातल्या बांगड्या वर सारून बसली होती. गुलाब ओटीवर गोधडीवर होती. तिच्या दंडाला बांधलेली चिंधी सकाळच्या सुईच्या जागी ओली लाल होती.

"बाय, तुमी का आलीव?" हिरामणशेट उभेच राहिले. बस म्हणाले नाहीत.

"तिला ठाण्याला न्यायला हवं. आत्ता. रक्त लागेल, बाटल्या लागतील."

"गाठ न्हाय ना?"

"नाही, पण ती असायला हवी."

अंगणात कुणी तरी हसलं. "सकालला बोललीव गाठ न्हाय," हिरामणशेट म्हणाले. "आता बोलतंव गाठ पायजे. तुमची जबान एक हाय का दोन?"

"ही गाठ वेगळी. रक्ताची."

"रगताची गाठ तं आनखी वाईट. माज्या बहिनीला तीच झालती."

"तिची नव्हे हो. जखम झाली की रक्त..." तिनं वाक्य सोडून दिलं. तिच्याकडे आणखी शब्द होते, पुस्तकातले, तात्यांच्या ताटावरचे, आणि एकही या अंगणात उभा राहिला नसता. लोकांच्या डोळ्यांत काय आहे ते तिला स्वच्छ दिसत होतं. ही बाई पेशंट हातचा गेला म्हणून मागं आलीय. ठमाबाईंनी ते बोलूनही दाखवलं, "धंदा हाय त्यांचा. पोरगी तुमच्या खाटंवर न्हाय निजली म्हनून जिवाला लागलं." सुईणीनं चुलीत लाकूड सारलं.

"ठमाबाई, हात पुढं करा," सुचेता म्हणाली.

"माजा?"

"तुमचं रक्त घेते. आणि सुनेचं. मी काही बोलत नाही. तुम्हीच बघा."

"घे," ठमाबाई म्हणाल्या आणि बाही वर केली. वैरानं दिलेला हात होता तो, ताठ, काटक, भाताच्या पेंढ्या बांधून कसलेला. सुचेतानं त्यांचं रक्त घेतलं. मग ओटीवर जाऊन, चिंधी सोडून, गुलाबचं. दोन्ही नळ्या तिनं ठमाबाईंच्या दोन मुठींत दिल्या, उजवीत त्यांची, डावीत सुनेची, आणि मुठी मिटवून त्यांना ओटीच्या कडेला बसवलं. गुलाबच्या दंडावर नवा कापूस दाबून ती स्वतः उभी राहिली. म्हातारी देवळात बसल्यासारखी बसली होती, हात गुडघ्यांवर, मुठी वर. लूम बंद असल्यामुळे खाडीपलीकडच्या ट्रकचा गिअर बदललेला ऐकू येत होता. चुलीवरचं पाणी उकळायला लागलं आणि कुणी उतरवलं नाही. सुचेताच्या मनात एकच विचार होता, तो शोभणारा नव्हता. हिचं रक्त धरलं नाही तर? म्हातारीचंच धरलं नाही तर? मग ती दोन नळ्या आणि दोन वाक्यं घेऊन रिक्षात बसेल, आणि ही पोर इथं ओटीवर रिकामी होईल, आणि खालच्या मजल्यावर माधवीताई काही बोलणारही नाहीत.

"उघडा."

ठमाबाईंनी उजवी नळी आडवी केली. हलवली. उलटी धरली. त्यांचं रक्त आपल्या जागी राहिलं. "इरजलं," त्या म्हणाल्या, दह्याच्या गाडग्यात बोट बुडवून म्हणावं तसं. मग डावी. रक्त नळीभर पळालं. त्यांनी ती उभी केली, परत आडवी केली, प्रकाशाकडे धरली. ते इकडून तिकडे, तिकडून इकडे. म्हातारीचं तोंड आखडलं. "हिचं इरजत न्हाय," ती नवऱ्याला म्हणाली. "हिचं पानीच ऱ्हायलं."

पहिली उठली ती सुईण. तिनं बांगड्या खाली घेतल्या, पिशवी काखोटीला मारली आणि कुणाकडे न बघता म्हणाली, "मी हात न्हाय लावनार." तिच्या पाठमोऱ्या चालीनं जे पटवलं ते सुचेताला दिवसभरात जमलं नव्हतं. हिरामणशेटनी लडकूच्या नावानं हाक मारली. तोवर गोदामातून घरी आलेला लडकू पुढं झाला, सुचेताला बघून मान खाली घालून जीपकडे गेला.

गुलाब वाचली. ठाण्याला तिला गोदामातल्या हमालांचं ताजं रक्त चढलं, सगळं आवरल्यावर तिथल्या डॉक्टरनं फोनही केला. तो माधवीताईंनी घेतला, "हो, आम्हीच पाठवली" म्हणाल्या, आणि सुचेताला एवढंच म्हणाल्या की पुढच्या वेळी कागदावर लिहून देत जा. पण हे पुढचं. जीप अंजूरफाट्याला ठाण्याच्या बाजूला वळली तेव्हा यातलं काहीच झालेलं नव्हतं. पुढं लडकू आणि हिरामणशेट, मागं आडव्या सीटवर गुलाब आणि सुचेता. ठमाबाई हात धुवायला म्हणून मागं राहिल्या होत्या. गुलाबचा नवरा ट्रक घेऊन गुजरातेत होता. सुचेता गुलाबच्या दंडावरचा कापूस अंगठ्यानं दाबून धरत होती आणि कशेळीचा पूल कधी येतो ते बघत होती. आपण बरोबर होतो, हे ती पुन्हा पुन्हा मनात म्हणून पाहत होती. वाक्य बरोबर होतं, आणि त्याला चव नव्हती.

"माजं रगत तिच्या मुठीत कशाला दिलंव?"

दिवसभरात गुलाबचा आवाज सुचेतानं पहिल्यांदा ऐकला. तो अपेक्षेपेक्षा जाड होता, रागीट.

"त्यांना पटावं म्हणून."

"तिला पटलं. आता मरंतोवर तिच्या त्वांडात तेच ऱ्हानार. हिचं रगत इरजत न्हाय. हिचं पोर पोटात ऱ्हाईल कसं." तिनं ओठ पुसले, पदराला लाल लागलं. तिनं ते बघितलं आणि पदर मुडपून घेतला. "सकाललाबी तिलाच इचारलंव. हिरड्या माज्या."

सुचेताला उत्तर देता आलं असतं. वेळ नव्हता, त्या घरात ठमाबाईंचाच शब्द चालतो, तुझा जीव त्या मुठीवर होता. सगळं खरं होतं. तिनं तोंड उघडलं आणि तिला जाणवलं, दुसरी मूठ कुणाची असू शकेल हे तिच्या मनात आलंच नव्हतं.

"मूठ मलापन हाय," गुलाब म्हणाली, आणि दंडावरून सुचेताचा अंगठा बाजूला करून तिनं तो कापूस स्वतःच दाबून धरला.